नाडीच्या मापाची शेगडी

आमच्या व्याह्यांइतका चौकस माणूस देवानं दुसरा घडवला असेल, तर त्याला माझ्यापासून लांब ठेवला एवढी त्याची माझ्यावर मेहेरबानी. व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. पुण्याचे. मोजणी खात्यात दुसऱ्यांच्या जमिनी मोजण्यात जन्म गेला. जगातल्या कुठल्याही वस्तूजवळून हा माणूस नुसता पुढं निघून गेलेला मी पाहिला नाही. थांबणार, वाकणार, बोटाच्या पेरानं वाजवणार, वास घेणार आणि ज्याची वस्तू असेल त्याला विचारणार, "हे असं का?" लग्न ठरवायला आमच्या गावी आले, तेव्हा मुलगा बघायचा सोडून माझ्या पिठाच्या गिरणीत शिरले. पट्टा चाचपला, दगडाला छिन्नीनं टाकी कधी लावता ते विचारलं, गरम पीठ चिमटीत धरून जिभेवर ठेवलं आणि भुवयांपासून चपलांपर्यंत पांढरे होऊन बाहेर आले. विहीणबाई त्यांना पदरानं झटकत म्हणाल्या, "मुलगा कसा वाटला ते सांगा." तर म्हणाले, "गिरणी चांगली आहे." त्यावर लग्न ठरलं. आमची ही तेव्हा आत जाऊन पोट धरधरून हसली होती. मला म्हणाली, "माणसं चांगली आहेत. पिठात हात घालून बघतात."

पुढं पोरं नेदरलँडला गेली, न्यूनेन नावाच्या गावात त्यांनी जुनं घर घेतलं, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ही गेली. ताप आला, उतरला, पुन्हा आला आणि गेली. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. दत्तानं, म्हणजे माझ्या मुलानं, मला तीन महिन्यांसाठी उचलून तिकडं नेलं. नेमके तेव्हाच व्याही आणि विहीणबाईसुद्धा लेकीकडं आलेले. गाव कसं, तर झाडून पुसून ठेवलेलं. रस्त्यावर माणूस नाही. कुत्रं दिसलं तर ते पट्ट्याला बांधलेलं, आणि तेही भुंकत नाही. दत्ता आणि सूनबाई सकाळी कामाला गेली की मी खिडकीशी बसायचो. झाडाची पानं गळायची, ती कोणीतरी येऊन गोळा करून न्यायचं, मग पुन्हा गळायची. विहीणबाई चहा द्यायच्या. चहा चांगला असायचा, पण आलं किसलेलं. हिनं जन्मभर ठेचून घातलं. मी पिऊन कप विसळून ठेवायचो. एकदा जेवताना मात्र दत्ताला म्हणालो, "माझं तिकीट अलीकडचं करून टाक. मला हितं करमत नाही."

"अण्णा, तिथं कोण आहे आता?" दत्ता म्हणाला. म्हणून गेला आणि ताटात बघायला लागला.

"घर आहे," मी म्हणालो. "कुलूप लावून आलोय."

विहीणबाई न विचारताच सगळ्यांना पोळ्या वाढायला लागल्या. व्याही मात्र भिंतीकडं बघत होते. त्या घरात बसायच्या खोलीत भिंतीत बांधलेली चूल होती, वर धुराडं. पूर्वीच्या माणसांनी कधी काळी वापरली असेल. सूनबाईनं तिच्यात वाळक्या फुलांची कुंडी ठेवली होती. आल्या दिवसापासून व्याह्यांनी त्या चुलीत किती वेळा डोकं घातलं असेल देव जाणे. ते म्हणाले, "व्याहीबुवा, जायचं तर जा. पण या चुलीत बसेल अशी एक जुनी लोखंडी शेगडी मला शोधायची आहे. बिडाचं लोखंड असतं ते, एकट्याला उचलत नाही. तेवढा हात लावा. शेगडी बसली की दुसऱ्या दिवशी जा."

"बाबा, घरात हीटिंग आहे की," सूनबाई म्हणाली.

"आहे, पण दिसत नाही. ऊब कशी डोळ्यांना दिसली पाहिजे."

आता उचलायला या म्हणणाऱ्याला आमच्याकडं कोणी नाही म्हणत नाही. मी म्हणालो, "ठरलं. शेगडी बसली की तिकीट." व्याह्यांनी तळहात पुढं केला. ही त्यांची आणखी एक खोड. काही ठरलं, काही आठवलं, स्वतःलाच स्वतःचा विनोद आवडला, की टाळी पाहिजे. समोरच्यानं टाळी देईपर्यंत हात तसाच हवेत. पुण्यात एकदा दात काढणाऱ्या डॉक्टरलाही तोंडात कापूस घेऊन त्यांनी टाळी मागितली होती, असं विहीणबाई सांगतात. मी टाळी दिली आणि पोळीचा तुकडा मोडला.

मला वाटलं होतं, काम आठवड्याचं आहे. पण आधी चुलीचं माप घ्यायचं होतं. दत्तानं टेप आणून दिली. व्याह्यांनी ती उघडली, बंद केली आणि परत दिली. म्हणाले, "आयुष्य गेलं माझं हिच्याबरोबर. टेप ओढणाऱ्याचं ऐकते. ताणली की वेगळं सांगते, सैल सोडली की वेगळं. मला दोरी द्या." त्या घरात चिकटपट्ट्या पाच रंगांच्या, पण दोरीचा तुकडा नाही. व्याह्यांनी सगळे खण उपसले, विहीणबाईंच्या केसांच्या रिबिनीपर्यंत मजल गेली. शेवटी त्यांची नजर माझ्या वाळत घातलेल्या पायजम्यावर पडली. "व्याहीबुवा, एक नाडी द्या."

ती नाडी बाजारची नव्हती. आमची ही कधी बाजारची नाडी घरात आणायची नाही. लुगडं विरलं की त्याचा काठ फाडून घ्यायची, काठ तेवढा शाबूत असतो. तो दुमडून हातानं शिवायची आणि दोन्ही टोकांना लाल दोऱ्याचा टाका घालायची, कारण टोक नेफ्यात शिरलं की मला सापडत नाही. ही हिरव्या लुगड्याची होती. मी म्हणालो, "परत द्यायची." व्याह्यांनी माझ्याकडं बघितलं, मग नाडीकडं बघितलं, लाल टाका बोटानं चाचपला. या खेपेला मात्र "हे असं का" विचारलं नाही. म्हणाले, "काम झालं की जशीच्या तशी." मग चुलीपुढं मांडी घालून बसले, लाल टाक्यापासून नाडी धरली आणि तीन गाठी मारल्या. पहिली रुंदीची, दुसरी उंचीची, तिसरी खोलीची. त्या दिवसापासून ती नाडी त्यांच्या कोटाच्या खिशात आणि माझा पायजमा सेफ्टी पिनेवर.

शेगड्यांच्या जाहिराती सूनबाई कॉम्प्युटरवरून काढून द्यायची, नाहीतर किराणा दुकानातल्या फळ्यावर लोक चिठ्ठ्या लावतात त्या व्याही वाचायचे. डच अक्षरं ते मराठीसारखी वाचत. विकायच्या वस्तूवर तिथं जे दोन शब्द लिहितात ते बोलायला 'ते कोप' असे आहेत. घर विकायचं असलं की दारात तशी भली मोठी पाटी. पहिल्या आठवड्यात व्याही मला गंभीरपणे म्हणाले होते, "या गावात काहीतरी झालेलं आहे. घरोघर कोपाची पाटी आहे." अर्थ कळल्यावरही ते कोपच म्हणायचे. "चला, आज त्या बेस्ट गावात एक कोप आहे." डोक्याला माकडटोपी, अंगात जावयाचा गुडघ्यापर्यंत येणारा कोट, आणि निघाले.

परक्या माणसांशी ते मराठीत बोलायचे. इंग्रजी त्यांना चांगलं येतं, तीस वर्षं अर्ज लिहिलेत. पण त्यांचं म्हणणं असं, की इंग्रजी बोललो तर दोघंही चाचपडणार, मराठी बोललो तर निदान एकाला तरी सगळं कळेल. आणि खरी गोष्ट सांगतो, काम व्हायचं. एकतर ते सावकाश बोलतात. दुसरं म्हणजे तिकडं 'हो'ला 'या' म्हणतात. व्याह्यांनी दारात "शेगडी बघायला आलोय" म्हणायचं, समोरचा गोंधळून "या, या" म्हणायचा, की हे चपला काढून आत. मला म्हणायचे, "बघा, किती अगत्य आहे. शब्दागणिक या म्हणतात. आमच्या पेठेत दार उघडत नाहीत."

आत गेले की स्थळ बघायला आल्यासारखे बसायचे. आधी घरच्यांची चौकशी. मग शेगडीभोवती एक फेरी. मग पेरानं वाजवणं, मग दार उघडून थेट मुंडकं आत, आणि नाकाला काजळी लावून बाहेर. मग नाडी. आणि मग शेवटचा प्रश्न हातवारे करून, "घरातून का काढताय हिला?" उत्तर काही मिळो, उठताना म्हणायचे, "कळवतो." आणि खिशातली चिठ्ठी काढून द्यायचे. ही चिठ्ठी सूनबाईनं आम्हा दोघांच्या खिशात घालून ठेवली होती. म्हातारी माणसं परक्या गावात रस्ता चुकली तर, म्हणून तिच्यावर घरचा पत्ता, तिचा फोन नंबर आणि डचमध्ये लिहिलेलं, 'हे वाट चुकले आहेत, कृपया फोन करा.' व्याह्यांना ते व्हिजिटिंग कार्ड वाटायचं. त्यांनी तिच्याकडून आणखी मागून घेतल्या. आम्ही एखाद्या घरातून निघालो की तिकडं ऑफिसात तिला फोन जायचा, तुमचे वडील आमच्याकडं आले होते, आम्हाला काही चुकलेले वाटले नाहीत. संध्याकाळी ती दारातच उभी असायची. "बाबा, माझ्या ऑफिसात सगळ्यांना वाटतंय माझे वडील रोज हरवतात."

"रोज सापडतो हेही सांग," व्याही म्हणायचे आणि तळहात पुढं करायचे.

तर असे आम्ही हिंडलो. बेस्टला एका तरुण जोडप्याकडं काचेच्या दाराची, काळी कुळकुळीत शेगडी होती. ती पोरगी पोटुशी होती, बाळ येणार म्हणून राखेची घाण नको, असं त्यांनी पोटाकडं हात करून सांगितलं. व्याह्यांनी तिच्या तब्येतीची चौकशी केली, कॉफी घेतली आणि रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "कारण पटलं नाही. घरात बाळ येतंय आणि ऊब बाहेर काढतात." जुन्या सामानाच्या दुकानात एक होती, तिचा एक पाय आखूड, खाली जाडं पुस्तक सरकवलेलं. मला वाटलं पायावरून नाही म्हणतील. तर म्हणाले, "पायानं अधू आहे ते चालेल. पण दार वाजतं ते रागानं वाजतं." हार्लेमला आगगाडीनं गेलो. तिथं घरं इतकी चिंचोळी, की जिना म्हणजे शिडी. वरच्या माळ्यावर शेगडी, माझे गुडघे बोलायला लागले. नाडी लावली, तर तिसरी गाठ बरोबर आणि पहिली चार बोटं कमी. व्याही शेगडीकडं खेदानं बघत म्हणाले, "खोली आहे, रुंदी नाही. माणसातही असं असतं." घरमालकीणबाईंनी आम्हाला सगळ्या नातवंडांचे फोटो दाखवले. येताना गाडीत मी विचारलं, "व्याही, चार बोटं कमी म्हणजे बसलीच असती की चुलीत. जास्त असती तर अडचण." त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं. "ते बघा, गाईंना कोट घातलेत." खरंच घातले होते. आणि माझा प्रश्न राहून गेला.

मी गिरणीवाला माणूस, चौथीत शाळा सोडली, पण पोत्यात खडा आहे का हे मला पोतं हलवून कळतं. मला शंका यायला लागली. पण शंकेपेक्षा जास्त उत्सुकता. हा माणूस उद्या काय कारण काढतो हे बघायला मी सकाळी आंघोळ करून, पायजम्याला पिना लावून, जोडे घालून तयार राहू लागलो. खिडकीशी बसायचं राहूनच गेलं. दत्ता अधूनमधून विचारायचा, "अण्णा, तिकिटाचं बघू का?" मी काही म्हणायच्या आत व्याही म्हणायचे, "स्थळ जमायचंय अजून."

मग तो शेतकरी आला. म्हणजे आम्हीच त्याच्याकडं गेलो, न्यूनेनच्या बाहेर, सायकलवर. मी सूनबाईची सायकल घेतली होती, व्याह्यांनी दत्ताची. तिकडं काही सायकलींचं पॅडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो. व्याह्यांना उतारावर पॅडल उलटी फिरवायची सवय. त्यामुळं ते अधूनमधून एकदम उभेच राहायचे आणि मग आजूबाजूला असं बघायचे, जणू काही बघायलाच थांबलेत. शेतकरी दरवाजाएवढा माणूस, पायात लाकडी जोडे. "या, या," म्हणाला. शेगडी गोठ्याच्या शेजारच्या खोलीत होती, तिच्यावर कांदे पसरलेले. कांदे त्यानं एका हातानं बाजूला केले. बिडाची, साधी, काळी. व्याह्यांनी वाजवली, देवळातल्या घंटेसारखी वाजली. डोकं आत घातलं, बाहेर काढलं, नाक पुसलं. "का काढताय?" त्यानं कांद्यांकडं आणि स्वतःकडं बोट दाखवून काहीतरी सांगितलं. कांदे ठेवायला जागा पाहिजे, असंच असणार. चांगलं कारण होतं. मग नाडी लावली. रुंदीची गाठ बरोबर. उंचीची बरोबर. खोलीची बरोबर. जणू चूल आणि शेगडी एकाच माणसानं केलेली.

व्याही पुन्हा एकदा शेगडीभोवती फिरले. पाय बघितले, पाठ बघितली, दार उघडलं, लावलं. कारण शोधताहेत हे मला दिसत होतं, आणि कारण मिळत नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "काय म्हणता, व्याहीबुवा?"

मला वाटलं होतं, सुटलो असं वाटेल. तसं काही वाटलं नाही. गावच्या घराचं कुलूप डोळ्यांसमोर आलं. कुलपाच्या आत काय आहे तेही आलं, चूल, बंब, तिचा पाट, सगळं जागच्या जागी. मी पुढं झालो. शेगडीच्या दाराची कडी धरली. कडी इतकी घट्ट, की मला दोन्ही हात लावावे लागले. म्हणालो, "कडी ढिली आहे."

व्याह्यांनी कडी हलवून बघितली. हलली नाही. हात झटकले. "आहे खरी," म्हणाले. "नजर आहे तुमची." आणि शेतकऱ्याकडं वळून सावकाश, स्पष्ट म्हणाले, "कळवतो. कळवतो."

शेतकऱ्याचा चेहरा असा उजळला, की मला काही कळेना. "कल्फ?" म्हणाला. "या, या." आणि आम्हाला हाताला धरून गोठ्यात घेऊन गेला. तिथं गवतावर आदल्याच दिवशी झालेलं वासरू उभं, पाय अजून एकमेकांत अडकताहेत. डचमध्ये वासराला कल्फ म्हणतात हे दत्तानं नंतर सांगितलं. मी वाकलो तर त्यानं माझी बोटं तोंडात घेतली आणि ओढायला लागलं. ऊन ऊन जीभ. मी काही हात काढला नाही. व्याही हसू लागले. "म्हणजे बघा व्याहीबुवा, मी म्हणतो कळवतो, आणि हा दाखवतो कालवड." आणि तळहात पुढं केला. माझा हात वासराच्या तोंडात. हात हवेत राहिला. तेवढ्यात शेतकऱ्यानं त्याच्यावर आपल्या पंजाची सणसणीत टाळी मारली.

व्याह्यांना जन्मात अशी टाळी मिळाली नसेल. खूश झाले. त्यांनी उलटून मारली. शेतकरी काहीतरी बोलला आणि पुन्हा मारली. व्याही म्हणाले, "भला माणूस आहे," आणि पुन्हा मारली. शेवटी त्यानं हात घट्ट धरून दोन-तीनदा हलवला. निघताना व्याह्यांनी सवयीप्रमाणं चिठ्ठी दिली. रस्ताभर आम्ही कडीबद्दल एक शब्द बोललो नाही. घरी विहीणबाईंनी विचारलं, "जमलं का?" व्याही म्हणाले, "कडी ढिली होती."

शनिवारी सकाळी दारात ट्रॅक्टर उभा. मागं ट्रॉलीत शेगडी, शेगडीवर कांद्यांची एक माळ. दत्ता बाहेर जाऊन बोलला आणि कपाळाला हात लावून आत आला. "बाबा, तुम्ही सौदा करून आलात? तो म्हणतोय, टाळ्या झाल्या. इकडं गुरांचा सौदा असाच करतात. टाळ्या देत देत भाव ठरवतात, आणि हात धरला की विकलं."

"मी कालवडीवर टाळी घेतली होती," व्याही म्हणाले.

"तो म्हणतोय, टाळी ती टाळी."

विहीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "जन्मभर सांगतेय, ऊठसूट टाळ्या मागू नका. मी म्हणून संसार केला, नाहीतर आतापर्यंत घर विकून आला असता."

मी बाह्या सरसावून पुढं झालो. एवढ्याचसाठी तर थांबलो होतो. तर त्या गड्यानं दोन चाकांची ढकलगाडी काढली, शेगडी एकट्यानं वर घेतली, एकट्यानं आत आणली, सूनबाईची फुलं उचलून तिच्या हातात दिली आणि शेगडी चुलीत सरकवली. नाडी काढायचीसुद्धा गरज पडली नाही. दत्तानं त्याचं जे काय ते दिलं, तो कॉफी पिऊन, व्याह्यांना आणखी एक टाळी देऊन गेला. चार दिवसांनी नळीवाला येऊन धुराड्याला नळी जोडून गेला. झालं. शेगडी बसली.

त्या दिवशी जेवायला सगळे बसले तर कोणी कोणाकडं बघेना. आमटीत काय कमी आहे ते विहीणबाईंनी स्वतःच सांगितलं. शब्द मी दिलेला होता, मोडायची मला सवय नाही. मी पाणी प्यालो आणि म्हणालो, "दत्ता, ठरल्याप्रमाणं..."

व्याही पानावरून उठले. उष्ट्या हातानंच. शेगडीपाशी गेले, डाव्या हातानं कडी धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कडी ढिली आहे."

"कुठं बाबा, मी सकाळीच उघडली, चांगली घट्ट..." दत्ता उठायला लागला. सूनबाईनं त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवला.

"मला नाही कळलं आधी," व्याही म्हणाले. "तुझ्या वडिलांनी दाखवली. लोखंडाबरोबर जन्म काढलेला माणूस. कडी नीट होत नाही तोवर शेगडी बसली, असं मी धरत नाही. व्याहीबुवा, ढिली आहे का नाही?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "ढिली आहे."

"किती दिवस लागतील?"

"बघावं लागेल. रोज थोडं तेल घालून."

मग रोज सकाळी आम्ही दोघं त्या कडीला तेल घालायचो. घट्ट कडीला तेल घातलं की काय होतं ते कोणालाही कळेल. व्हिसा संपेपर्यंत ती खरोखरच ढिली झाली.

पहिला जाळ मीच घातला. खाली कागद, वर काटक्या, वर एक उभं लाकूड, आमची ही बंब पेटवायची तसा. आणि नळीची झडप उघडायची राहिली. घरभर धूर, छतावरची धुराची घंटी बोंबलायला लागली, विहीणबाई टॉवेल फिरवत सगळ्यांना आणि विशेष करून आपल्या नवऱ्याला बोलत होत्या. धूर गेला आणि जाळ उभा राहिला. मी पुढ्यात बसलो. अंगाची पुढची बाजू शेकली, पाठ गार, जसं पाहिजे तसं. खूप दिवसांनी मला तिच्याबद्दल बोलावंसं वाटलं, आणि मी बोललो. लुगड्याचे काठ कसे फाडायची, चहात काय कसं घालायची, ते सांगितलं. विहीणबाई ऐकत होत्या. उठल्या आणि चहा टाकला. आलं ठेचल्याचा आवाज मला आतून आला.

व्याही मात्र पार दाराशी खुर्ची ओढून, खिडकी उघडून, टोपी काढून घाम पुसत बसले होते. मी म्हणालो, "या की जवळ." म्हणाले, "नको. मला उकाडा सोसत नाही."

"यांना?" विहीणबाई म्हणाल्या. "यांना पुण्यात संक्रांतीला पंखा लागतो. शेगडीचं खूळ कुठून आलं डोक्यात, मलाच कळलं नाही."

मी त्यांना विचारलं, "व्याही, मग शेगडी कशाला हवी होती?"

"हवी कशाला," ते म्हणाले. "बघावं म्हटलं, कशी असते."

माझ्या मूळच्या तिकिटाच्या तारखेला मी परत आलो. विमानतळावर त्यांनी कोटाच्या खिशातून नाडी काढून माझ्या हातावर ठेवली. थोडी काळी झाली होती, काजळीनं. म्हणाले, "जशीच्या तशी म्हणालो होतो, पण गाठी राहिल्या." मी म्हणालो, "मी सोडवीन." या खेपेला तळहात मी पुढं केला. त्यांनी टाळी दिली आणि हात सोडला नाही. त्या शेतकऱ्यासारखा दोन-तीनदा हलवला.

आता ते पुण्यात, मी इथं. दर रविवारी त्यांचा फोन येतो. त्यांना हल्ली ऐकू कमी येतं, त्यामुळं चौकशी तेच करतात आणि उत्तरंही बरीचशी तेच देतात. शेवटी विचारतात, "कडी?" मी ओरडून सांगतो, "ढिली आहे." तेवढं त्यांना ऐकू जातं.

गावी आल्यावर मी घर उघडलं, बंब पेटवला आणि पायजम्यात ती नाडी ओवायला घेतली, तर पहिली गाठ नेफ्याच्या तोंडाशीच अडली. रुंदीची. गाठ सोडवायला नख लागतं आणि डोळे लागतात, माझी दोन्ही शाबूत आहेत. एकदा बसलोही घेऊन. शिवण हिची, गाठी त्यांच्या. मग घडी घातली आणि तिच्या पाटाखाली ठेवून दिली. पायजम्याला आता बाजारची नाडी आहे. ती सारखी सुटते.